महिपतीचं मेण

पोलादपुरात ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात माझा हात धरणारा कोणी नाय. तरी पुण्याची कॅम्परव्हॅन थांबली समोरच्या महिपतीकडं! कालपर्यंत रिक्षांची सीटं शिवणारा माणूस हा! व्हॅनचं वर उचलायचं कापडी छप्पर आंबेनळी घाटात गळलं होतं. महिपतीनं प्रत्येक शिवणीवर मेण घासलं, वरून गरम इस्त्री फिरवली, मग छपरावर बादल्या ओतल्या. गळायलाच पायजे, असं मनाशी म्हणत मी व्हॅनच्या आत जाऊन बसलो. एक थेंब पडला नाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कुणी शिकवलं हे?" व्हॅनच्या मालकीणबाईंनी कौतुकानं विचारलं.

महिपतीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी जरा ताठ झालो.

"यांच्या बायकोनं, राहीवहिनींनी. हे त्यांचं ऐकत नायत, म्हणून मला सांगितलं."