बाबा आले

हे गेल्यावर समाचाराला आलेल्या मंडळींचा चहा झाला, तसे माझे दीर म्हणाले, "आता गंमत बघा हं. शेरू, बाबा आले!"

शेरू ताडकन उठून दाराशी धावला आणि शेपटी हलवत उंबरा हुंगत राहिला. सगळे हसले. "भलताच हुशार आहे हो! परत करा ना."

मला शिसारी आली. संध्याकाळी यांची स्कूटर वाजली की मीच त्याला तसं सांगायचे. कुत्र्याला शब्द शिकवला की तो त्यावर कायमचा विश्वास टाकतो. शब्द खोटाही असतो, हे आपण त्याला कधी शिकवत नाही.

दिरांनी पुन्हा म्हटलं. शेरू पुन्हा धावला. मी त्याला पट्ट्याला धरून आत नेलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी तरी त्या हसणाऱ्यांना काय सांगणार होते? शेरूबरोबर प्रत्येक वेळी माझीही नजर दाराकडे गेली होती.