संस्थेत जाणारे अण्णा

फोन उचलल्यावर पलीकडचं माणूस काहीच बोललं नाही, तर आपण दोनदा 'हॅलो' म्हणतो आणि ठेवून देतो. अण्णा ठेवत नसत. ते खुर्ची भिंतीला टेकवत, चष्मा लावत आणि सांगत, "बोलायचं नसलं तर नगा बोलू, पावणं. मी हाय हितंच." मग समोरचं वर्तमानपत्र उघडून मोठ्यानं वाचायला लागत. राशिभविष्य सोडून सगळं. ऊसतोडीच्या बातम्या, पंचगंगेची पाणीपातळी, कुठल्या तरी तालमीचा वर्धापनदिन. दहा मिनिटं, कधी वीस. पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. शेवटी अण्णा म्हणत, "आता ठेवू का? परत लावा. मंगळवार, शुक्रवार, शनवार मीच असतो."

आमचं केंद्र राजारामपुरीतल्या एका गल्लीत आहे. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. पाटीवर नुसतं 'सल्ला व मार्गदर्शन केंद्र' असं लिहिलंय. कसला सल्ला, ते येणाऱ्याला ठाऊक असतं. समलिंगी मुलं, मुली, तृतीयपंथी, आणि आपण नेमके कोण हे अजून न कळलेले, असे सगळे येतात. बुधवारी रक्ततपासणी, शनिवारी बैठक, महिन्यातून एकदा वकीलबाई. तृतीयपंथीयांच्या ओळखपत्राचे अर्ज भरून देण्याचं काम रोजचंच. मी तिथं समुपदेशक आहे. त्याआधी मीही तो जिना तीनदा अर्धा चढून परत फिरलो होतो.

अण्णा पहिल्यांदा आले ते लाइटचं मीटर बघायला आलोय असं सांगत. हातात छत्री, डोक्याला गांधी टोपी, पायात करकरणारं पायताण. मीटर खाली जिन्यात आहे असं मी सांगितलं, तरी ते बाकावर बसले. पाणी प्यायले. भिंतीवरचे कागद एकेक करून वाचले. मग विचारलं, "हितं येणाऱ्याचं वय किती चालतं?"

"वयाची अट नाही," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ छत्रीच्या मुठीकडं पाहिलं. "मग येतो मंगळवारी," म्हणाले.

त्यांचं नाव आनंदा चौगले. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावचे. गावच्या दूध संस्थेत तीस वर्षं त्यांनी दुधाची फॅट मोजायचं काम केलं आणि नुकतेच त्यातून मोकळे झाले होते. घरी बायको, मुलगा, सून. केंद्रात येताना घरी काय सांगता, असं मी एकदा विचारलं. "संस्थेत जातोय म्हणतो," ते म्हणाले. आमच्या जिल्ह्यात दुधाची संस्था, पाण्याची संस्था, पतसंस्था, सेवा संस्था. संस्थेत जातो म्हटल्यावर कुठल्या, असं कोणी विचारत नाही.

पुढं ते आमच्या मदतीच्या फोनवर बसायला लागले. त्यासाठी आम्ही सगळ्यांना रीतसर शिकवतो. प्रश्नांचा एक छापील कागद असतो. अण्णांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि परत कधी काढला नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलासा काय?" मलकापूरहून एकदा एक जण रडत बोलत होती. 'तू पोरगा हाईस' म्हणत घरच्यांनी वाढवलेले केस कापून टाकले होते. अण्णा तिला म्हणाले, "सकाळधरनं पोटात काय हाय?" ती म्हणाली, चहा. "मग आदी स्टँडवर जा, काय तरी खा आनि मग लाव. मी हलत न्हाय हितनं." तिनं अर्ध्या तासानं परत लावला. तीच आमची रेश्मा. आज केंद्रातले ओळखपत्राचे सगळे अर्ज ती भरते.

आमची नवी मुलं उत्साही. फोनवर लगेच स्वीकार, ओळख, अभिमान असे शब्द सुरू करत. अण्णा त्यांना बाजूला घेऊन सांगत, "शब्द चांगलं हाईत. पण त्येला धाप लागलीया. ती बसू दे की जरा." फोनच्या भोवती दोघं तिघं गोळा झालेलेही त्यांना चालत नसत. "आमच्यात एक म्हैस हुती. चारजणं बघाय हुबारली की दूधच सोडायची न्हाय. जावा तिकडं."

शुक्रवारी तीनच्या सुमाराला एक मुका फोन नेमानं यायला लागला. मागं यंत्राची खडखड आणि बायकांच्या गप्पा ऐकू येत. अण्णा रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "काजूचा कारखाना वाटतोय. आजऱ्याकडचा असंल." पाच शुक्रवार त्यांनी त्याला पेपर वाचून दाखवला. सहाव्या शुक्रवारी धो धो पाऊस होता. अण्णांनी वाचलं, राधानगरी धरणाचे पाच दरवाजे उघडले.

"चार," पलीकडून आवाज आला. "पाचवा मिटला सकाळी."

"बरं झालं सांगितलासा," अण्णा म्हणाले, आणि पुढची बातमी वाचायला लागले. त्या दिवशी तो पोरगा पुढं पाऊण तास बोलला.

पोरगा म्हणजे सत्तावीस वर्षांचा, कारखान्यात सुपरवायझर. आम्ही त्याला 'आजऱ्याचा' एवढंच म्हणत असू. गणपतीनंतर तो स्वतः केंद्रात आला. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी गडहिंग्लजची, बारावी शिकलेली, मोबाइलवर रोज 'जेवलात का' विचारणारी. वडील आजारी. नाही म्हणायला तोंड नाही, असं तो म्हणाला. मागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी माझं समुपदेशकाचं बोललो. वेळ मागून घ्या, घरातल्या एका तरी माणसाला विश्वासात घ्या, वगैरे. मग अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझं लगीन झालं तवा मी चोवीस वर्सांचा हुतो," ते म्हणाले. "मला ठावं हुतं मी कसा हाय. तरी उभा ऱ्हायलो. एक ल्योक झाला. बास. बायको चांगली हाय माझी. तिनं माझं काय वाईट केलं न्हाय. मी तिचं केलं. आपलं काय चुकलं, ह्येचा इचार करत ती म्हातारी झाली. तू करू नगंस."

इतक्या दिवसांत अण्णांनी स्वतःबद्दल पहिल्यांदाच सांगितलं होतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"मग मी करू काय, अण्णा?" आजऱ्याच्यानं विचारलं.

"त्ये मला ठावं न्हाय," अण्णा म्हणाले. "ठावं असतं तर मी केलं नसतं का?"

तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न झालं. आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. अण्णांनी उचलला. "हळद लागली," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, "बरं," आणि थोड्या वेळानं, "जेवलास काय?" त्यानंतर त्याचा फोन आला नाही. अण्णांनीही त्याचा विषय काढला नाही. फक्त शुक्रवारी तीन वाजले की ते उठून खिडकीशी जात आणि खालच्या दुकानातल्या मशीनची टकटक ऐकत उभे राहत.

डिसेंबरात एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, "सायेब, मी घरात सांगणार हाय. तिला."

मी कप खाली ठेवला. कधी, असं विचारलं.

"ऊस जाऊ दे. तोड आली की घरात चार माणसं असत्यात. रान मोकळं झालं की सांगतो."

जानेवारीत ऊस गेला. मग म्हणाले, तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी देऊन होऊ दे. मग सुनेचा भाऊ राहायला आला होता. मी आठवण करून दिली नाही. आमच्याकडे कोणी कोणाला घाई करायची नाही असा नियम आहे. तो बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं. पण त्यांच्या बाबतीत तो पाळला याचं काय करायचं, ते कळत नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अण्णा आले नाहीत. आम्ही कोणाच्याही घरी फोन करत नाही, त्यामुळे त्यांच्या घरीही केला नाही. गुरुवारी सकाळी पेपरात फोटो दिसला. फेटा बांधलेला, कुठल्या तरी लग्नातला. आनंदा ज्ञानू चौगले, वय ६२, हृदयविकाराच्या धक्क्याने निधन. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता. मी ते दोनदा वाचलं. मग त्याच पानावरची पाणीपुरवठ्याची सूचनाही वाचली. कोणते भाग, किती ते किती. नंतर रेश्माला पेपर दिला आणि आलेल्या माणसाशी बोलायला आत गेलो. काय बोललो ते आठवत नाही. तो मात्र जाताना, बरं वाटलं, असं म्हणाला.

गावाला सगळ्यांनाच जायचं होतं. रेश्मानंच ठरवलं. "मी आले तर गाव अण्णांकडं बघणार न्हाय, माझ्याकडं बघंल," ती म्हणाली. "तू जा. तू दिसतोस संस्थेतल्यासारखा."

भोगावतीच्या घाटावर माणसं जमली होती. कोणीतरी विचारलं, "पावणं कुठलं?" मी म्हणालो, "कोल्हापूर. संस्थेतला." त्या माणसानं मान हलवून मला पुढं जागा करून दिली. सरपंच बोलले, दूध संस्थेचे चेअरमन बोलले. अण्णा मितभाषी होते, असं दोघांनीही सांगितलं. कामाशी काम, कोणाशी जास्त बोलणं नाही. मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कोणाच्या रक्षाविसर्जनाला आलोय. राख पाण्यात सोडताना मी माझ्या बुटांना लागलेला चिखल बघत होतो. रडू येईल म्हणून खिशात रुमाल घेतला होता. तो तसाच घडीचा परत आला.

घराकडं सगळ्यांबरोबर गेलो. पुढच्या सोप्यात बायका बसल्या होत्या. त्यांच्यात अण्णांची बायको, शालनकाकू. बारीक चणीच्या, सावळ्या. मी हात जोडले तर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी संस्थेतलं न्हवं?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. "बारावं झालं की या एकदा."

ते दिवस मी नेहमीसारखं काम केलं. त्या काय विचारतील आणि मी काय सांगेन, याची उत्तरं तयार केली, खोडली. जाणाऱ्याचं गुपित त्याच्याबरोबर जातं का? नियमांच्या कागदावर हे नव्हतं.

गेलो तेव्हा मुलगा आणि सून रानात होते. काकूंनी मला सतरंजीवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्याजवळ बसल्या. पदर सारखा केला.

"मी कुठली संस्था ते इचारत न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमी सांगू बी नगा. त्येंनी सांगितलं न्हाय, मग तुमी कशाला? येवढंच इचारायचं हाय. तिथं ते बोलायचं?"

"हो," मी म्हणालो. "खूप बोलायचे."

त्या म्हणाल्या, "आमच्यात अडतीस वर्सं 'वाढ' आनि 'बास', येवढंच. मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय. पण बोललं बी न्हाईत. मला वाटायचं मलाच बोलायला येत न्हाय."

मी तयार केलेलं एकही उत्तर उपयोगाचं नव्हतं. जे सांगण्यासारखं होतं, ते काकूंचंच होतं. माझ्याकडं ते फक्त ठेव म्हणून राहिलेलं होतं.

"काकू, ते तुमच्याबद्दल एकदा बोलले होते," मी म्हणालो. "म्हणाले, तिनं माझं काय वाईट केलं न्हाय. मी तिचं केलं."

"असं म्हणलं?"

"हो. माझ्यासमोर. आणि तुम्हाला सांगणारही होते. उसाची तोड झाली की."

त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. घरामागच्या परड्यातल्या म्हशीनं दावं ओढलं, तिकडं एकदा पाहिलं. मग सरकून जरा जवळ आल्या. "आनि काय काय बोलायचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कोणाचं नाव न घेता, कुठून कोण बोलतं ते न सांगता. अण्णा लोकांना जेवलात का विचारायचे. पेपर वाचून दाखवायचे. पोरांना म्हशीची गोष्ट सांगायचे. "ती म्हैस माझ्या माहेरची," काकू म्हणाल्या. एरवी अधूनमधून "व्हय?" एवढंच. एखाद्या अनोळखी पण बऱ्या माणसाबद्दल ऐकावं तसं त्या ऐकत होत्या. चहा झाला. निघताना दारापर्यंत आल्या. "परत या," म्हणाल्या. "त्येंचं बोलणं सांगायला."

त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो. केंद्रातल्या सगळ्यांना विचारून, अण्णा त्यांना काय काय म्हणाले ते गोळा करून नेतो. रेश्मानं खूप दिलं. वकीलबाईंनीही दोन गोष्टी दिल्या. काकू दर वेळी सतरंजी घालतात, उंबऱ्याजवळ बसतात आणि म्हणतात, "सांगा." पण माझ्याजवळचं आता संपत आलंय. गेल्या खेपेला नवीन काही सुचेना, तेव्हा आधी सांगितलेलीच एक गोष्ट मी परत सांगितली. ती त्यांनी आधी ऐकली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी मधे त्या म्हणाल्या, "मग? म्होरं काय म्हणलं?"