गरम बॉनेट

नव्वदच्या दशकात न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ओढायला मी जुना ट्रेलर घ्यायचं ठरवलं. कळंबोलीत गाडी बघायला गेलो आणि जाणकाराच्या थाटात बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं. "म्हणजे रोज चालते," मीच म्हणालो. मालक नुसता हसला.

घेतल्यावर दुसऱ्याच सकाळी कळलं, थंड इंजिन सेल्फवर उठतच नाही. त्या हरामखोराने मी यायच्या आधी ते तापवून ठेवलं होतं!

मग तीन वर्षं मी गाडी तुर्भ्याच्या उतारावरच लावली. सकाळी हँडब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, गिअर टाकायचा. ब्रेक हवेवर चालणारा, त्यामुळे इंजिन लागून टाकीत हवा भरेपर्यंत पायाचा ब्रेक नुसता नावाला, आणि समोर खाली रिक्षांची रांग. पंप, नोझल, बॅटरी, सगळं बदललं. टेन्शन गेलं नाही.

शेवटी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक नऊला येणार होतं. आठलाच मी इंजिन चालू केलं. तो आला, बॉनेटवर हात ठेवून खूश झाला.

"रोज चालते ना?"

"रोज," मी म्हणालो.

आजही कुठल्याही उताराखालून जाताना मी आधी वर बघतो.