दुसरा सर्व्हर

नव्वदचं दशक सरत आलं होतं. साताऱ्यात संगणकाचा कोर्स करून मी सांगलीच्या एका रक्तपेढीत लागले होते. रक्तदात्यांच्या याद्या दोन सर्व्हरवर होत्या. एकावर लिहिलेलं दुसऱ्यावरही उमटायचं. एक बंद पडला तरी दुसरा हाताशी असावा म्हणून.

एकदा विजेच्या गडबडीत त्यातला एक दोन दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुरुस्त होऊन आला, मी जोडला आणि वाटलं, सुटले. पण बुडालेल्या दोन दिवसांचं भरून काढायला तो एकूण एक फाईल दुसऱ्याशी ताडून बघू लागला. तोवर यादीच उघडेना. पडद्यावर टक्के दिसत होते. चार. बऱ्याच वेळानंही चारच.

तेवढ्यात सुट्टीवर आलेला शिराळ्याचा एक फौजी आला. बहिणीला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता. ए निगेटिव्ह हवं होतं. आमच्याकडची एकच पिशवी देऊन झाली, आणखी एक लागणार होती. त्यासाठी त्या गटाचा रक्तदाता यादीतूनच शोधायचा होता.

"किती वेळ लागंल, मॅडम?"

"होईल," मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

मी उठत होते, बसत होते, उगीच कळा दाबत होते. शेवटी न राहवून तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. अकरावर आलेला आकडा शून्यावर गेला. दोन मशीनं कशी जोडलेली आहेत इथपासून खरं ते सगळं त्याला सांगून टाकलं.

तो रागावला नाही. म्हणाला, "आवं, पण दुसरं मशीन तर बंद पडलं न्हवतं?"

"त्यात सगळं आहे. पण ते ह्याला माहिती देण्यात अडकलंय."

"मग ह्येला काढा की बाजूला. मागनं घेईल."

मी मधली केबल उपसली. मिनिटभरात यादी उघडली. त्यात ए निगेटिव्हची कुंडलची एक शिक्षिका सापडली, तिच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. निरोप मिळताच ती शाळेतून तशीच नवऱ्याच्या स्कूटरवर बसून आली.

बहीण वाचली. संध्याकाळी मी रक्तपेढीच्या मोठ्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, शून्यावर गेल्याचंही. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून यादी छापून ठेवत जा."

मी ठेवू लागले. पण केबल काढायचं मला का सुचलं नाही, हा प्रश्न कितीतरी दिवस जेवतानासुद्धा डोक्यात यायचा.