कोशेर म्हणण्याआधी

समजा, हे काम आज तुमच्याकडे आहे. फरश्या बसवलेल्या एका लहान कुंडाच्या काठावर तुम्ही उभे आहात. हातात मोठा टॉवेल, तोही असा धरलेला की पायऱ्या उतरणारी बाई तुम्हाला दिसू नये. तिने बुडी मारली की टॉवेल खाली करायचा आणि एकच गोष्ट बघायची: डोक्यावरचे सगळे केस पाण्याखाली गेले का. एक जरी वर तरंगत राहिला तरी ती बुडी धरत नाहीत. सगळं नीट असेल तर म्हणायचं, "कोशेर," म्हणजे ज्यू धर्माच्या नियमाप्रमाणे ठीक. पाळी संपून, त्यानंतरचे शुद्ध दिवस मोजून आलेली बाई त्या एका शब्दावर घरी जाते आणि नवराबायको पुन्हा एकमेकांजवळ येतात.

या कुंडावरच्या मावशी कितीतरी वर्षं हा शब्द म्हणत आल्या आहेत. दिवसा त्या ड्रायक्लीनरच्या दुकानात कपडे उसवून-शिवून देतात आणि अंधार पडला की मिक्वेत, म्हणजे या स्नानाच्या जागी, येतात. आल्या आल्या पंप चालू करून बघतात, शेजारच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीला कुंड जोडणारं भोक मोकळं आहे ना, तेही बघतात. इथे कोण कधी आलं हे त्या घरीदारी बोलत नाहीत. रस्त्यात भेटलेल्या बाईला ओळखसुद्धा दाखवत नाहीत. त्यावर एकीने त्यांना विचारलं होतं, माझं तोंड इतकं वाईट आहे का हो?

अलीकडे सुईत दोरा ओवताना हात चुकायला लागला होता. मावशी, सुई इकडे आहे, तुम्ही हवेत ओवताय, असं दुकानमालक म्हणाला तेव्हा त्या हसल्या. डॉक्टरांकडे मात्र गेल्या नाहीत. मोतीबिंदू निघाला तर कुंडाचं काम जाईल, ही धास्ती.

एका संध्याकाळी एक तरुण दातांची डॉक्टर आली. लग्नाला वर्षही झालेलं नाही, सासूसासऱ्यांबरोबर राहते. नखं, पाठीवरचे सुटे केस, सगळं तपासून होईपर्यंत तिची बडबड चालूच होती.

"मावशी, मी दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावते. ते बिचारे निदान डोळे मिटून घेतात. इथे उघडी मी आणि बघणाऱ्या तुम्ही."

"मी केस बघते गं. बाकीचं मला माझंच पुष्कळ आहे."

मुलगी हसली. मग पाळीपासून या स्नानापर्यंतच्या दिवसांत नवरा मिठाची बरणीसुद्धा हातात देत नाही, टेबलावर ठेवतो आणि मग तिने उचलायची, असं सांगू लागली. सुरुवातीला तिला वाटायचं, आपल्याला काही रोग झालाय की काय. हल्ली मात्र बरणी ठेवणाऱ्या त्याच्या हाताकडे ती बघत राहते. आणि इथून घरी जाताना जवळजवळ पळत जाते. हा कायदा आवडतो की राग येतो, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

मावशींना आपला नवरा आठवला. एरवी तो भूक लागली तरच तोंड उघडायचा. वेगळ्या बिछान्यांच्या दिवसांत मात्र अंधारात खूप बोलायचा. तो गेल्यावर त्यांना त्या दिवसांचीच जास्त आठवण येते. पण हे तिला सांगावं की नाही, ते ठरेपर्यंत मुलगी पाण्यात उतरली होती.

वाफ होती. पाण्याखालच्या दिव्याभोवती मावशींना हल्ली धूसर कडं दिसतं. मुलीचे केस दाट, कुरळे. बुडी, कोशेर. प्रार्थना. पुन्हा बुडी, पुन्हा कोशेर. डोक्याला रुमाल बांधून मुलगी गेली.

फरशी पुसताना मावशींचा हात थांबला. मुलीच्या मानेमागे पाण्यावर एक काळी रेघ होती. दोन्ही वेळा होती. ती फरशीची सांध होती की केस?

तिचा मोबाईल बंद होता. घरी फोन करावा तर सासू उचलणार, आणि मिक्वेतून फोन म्हटल्यावर आजचा दिवस कसला आहे ते सगळ्या घराला कळणार. गप्प बसावं तर आपल्या शब्दावर विसंबून ती दोघं नियम मोडणार, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसणार. शेवटी त्यांनी रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन लावला, डोळ्यांचंही सांगून टाकलं.

रब्बींनी एवढंच विचारलं, "शब्द म्हणालात तेव्हा खात्री होती? शंका नंतर आली असेल तर मी स्नान धरतो. आधीच असेल तर तिला परत यावं लागेल."

मावशींना आठवेना. आठवायला जावं तसं ते जास्तच पुसट होत गेलं. शंका नंतर आली म्हटलं की सगळं जागच्या जागी राहणार होतं, कदाचित त्यांचं कामही.

"आधी," त्या म्हणाल्या.

पुढचं रब्बींच्या बायकोने बघितलं. माझी दाढ ठणकतेय, सूनबाईंना जरा पाठवता का, असा तिने त्या घरी फोन केला. सासूने सुनेला भरल्या ताटावरून उठवलं आणि स्वतः दारापर्यंत सोडलं. ओल्या केसांनी मुलगी पुन्हा पायऱ्या उतरली. या वेळी टॉवेल रब्बींच्या बायकोने धरला आणि शब्दही तिनेच म्हटला. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

जाताना मुलगी त्यांच्यापाशी थांबली. "मावशी, खरं सांगा. पहिल्यांदा केस दिसला होता तुम्हाला?"

मावशींनी तिचा रुमाल नीट केला आणि नवरा वाट बघत असेल, पळ, म्हणाल्या.

आता डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो. कुंडावर दुसरी बाई असते. टाके घालता घालता मावशी अजूनही त्या काठावर जाऊन उभ्या राहतात: ती रेघ आपल्याला कोशेर म्हणण्याआधी दिसली होती, की नंतर?