पोळ्याला आंघोळ घातलेलं इंजिन

नावाडी देवरावच्या हातातलं इंजिन फिरवायचं हँडल मी हिसकावून घेतलं. नावेत त्याची पोर लता कळा देत होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मूल पायाळू आहे, सौसरच्या दवाखान्यात न्या, असं सुईणीनं सांगितलं होतं. रामाकोन्याकडच्या आमच्या घाटाला पूल नव्हता. कन्हान भरून वाहत होती, वल्ह्यांचं काम नव्हतं. देवरावच्या नावेला विहिरीवरचं डिझेल इंजिन लावलेलं होतं.

ते मीच बसवून दिलं होतं. सौसरला माझं डिझेल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं मिस्त्री नवऱ्याच्या हाती नट खोलायचे पाने देता देता शिकले. त्या दिवशी नदीअलीकडे एक पंप दुरुस्त करून घरी परतायला नावेशी आले होते.

“माय, हँडल दे! पोर मरून राहिली माही.”

“मारलं ना एकदा? जड काऊन लागलं?”

“थंडं पडलं असन.”

लिव्हर उचलला की सिलिंडर मोकळा होतो, हँडल हलकं फिरतं. फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, वेगात आलं की लिव्हर पाडायचा. इंजिन सुरू होतं. इथं लिव्हर उचलूनही हँडल अडत होतं.

मी वर पाहिलं. धुराच्या उभ्या पाइपावर पावसाळ्यात डबा पालथा घाल, असं त्याला बजावलं होतं. डबा नव्हता. पाइपाला गेरू फासलेला, वर झेंडूचा हार.

“डबा कुठी आहे?”

“आज पोळा नं, माय. सारे बैल धुऊन राहिले. माह्याजवळ बैल नाही, हेच माहं जनावर. आंघोळ घातली.”

“डोक्यावरून?”

“मंग का पायावरून घालतेत?”

पाणी पाइपातून थेट सिलिंडरात उतरलं होतं. हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना चाक जोरात फिरवून लिव्हर पाडला असता, तर आतला रॉड वाकला असता. मग नाव काठालाच.

मी पाना काढला. देवरावची बायको ओरडली, “तुमाले इंजिनाची पडली, बाई! माह्या पोरीचं काय?”

“तिच्यासाठीच खोलून राहिली. तू तिचा हात धर.”

नोझल, म्हणजे डिझेल आत फवारणारा भाग, काढला. हँडल हळूहळू फिरवलं. भोकातून पाणी उडालं ते देवरावच्या सणाच्या धोतरावर. नुसती हवा येईपर्यंत फिरवत राहिले. ऑइल पाहिलं, त्यात पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. काळंच होतं. नोझल बसवलं.

“आता मार.”

पांढरा धूर निघाला, इंजिन दोनदा खोकललं आणि सुरू झालं. लता तोवर ओरडायचीही थांबली होती. नाव पलीकडे गेली.

सौसरला तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पुढच्या पोळ्याला देवरावनं इंजिन फडक्यानं पुसलं. डबा पाइपावर पालथा होता, हार डब्याला घातला होता. बैलाच्या नाकात पाणी गेलं तर तो शिंकतो. इंजिनाला शिंकता येत नाही.