विश्रांतीच्या दिवसांचा क्लास

आमच्या मुलीचं कोपर बेसबॉलमुळे गेलं असं मी लोकांना सांगते. कपाळ माझं! ते गेलं आमच्या घरच्या क्लासमुळे.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या तिच्या टीमचा कोच कडक होता. ही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, म्हणून तिला मोजकेच चेंडू टाकू द्यायचा आणि मॅचनंतर हाताला दोन-तीन दिवस सक्तीची सुट्टी. नवऱ्याला ते पटेना. "नुसत्या शाळेवर आपल्यातलं कोण इंजिनिअर झालं?" म्हणे. शाळा सुटली की क्लास, हे याच्या हाडीमासी खिळलेलं. मग सुट्टीच्या दिवशी बेसमेंटमध्ये भिंतीला गादी टेकवून तिची प्रॅक्टिस. एरवी सदा ऑफिसच्या कॉल्सवर असणारा हा, तेवढा तास फोन वर ठेवून तिच्यासोबत खाली. वर कोचला सांगायचं नाही, क्लासचं शाळेत सांगत नाहीत तसं.

शेजारी नव्वदीचे एक गृहस्थ राहतात, मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. त्यांचे वडील शंभरेक वर्षांपूर्वी पिचर होते. डेकवर चहा पिताना त्यांनी एकदा सगळं सांगितलं. वडील शेतावरून थेट मोठ्या संघात गेले, लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसरा पिचर दमला की मॅनेजर वडिलांनाच उभं करायचा. आज, उद्या, परवा पुन्हा. ते कधी नाही म्हणाले नाहीत. एका उन्हाळ्यात हात खांद्याच्या वर जाईना. तिशीच्या आत घरी पाठवलं. पुढे जन्मभर गोदामावर पहारा. "उजव्या हाताने दाढी करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही," आजोबा म्हणाले, "हिला जपा."

"तेव्हा स्पोर्ट्स मेडिसिन कुठे होतं यार!" हे आमच्या शहाण्याचं उत्तर. मी भांड भांड भांडले. क्लास चालूच.

वसंतातल्या एका मॅचमध्ये चेंडू टाकला आणि ती हात धरून खालीच बसली. कोपरातलं लिगामेंट तुटलंय, डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशननंतर रोजची कामं जमतील, पिचिंग विसरा. कोच हॉस्पिटलमध्ये भेटायला आला. "मी तर इतके कमी चेंडू टाकू देत होतो," असं तो बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. नवरा जमिनीकडे बघत उभा.

घरी येताना गाडीत तो रडवेला होऊन ओरडला, "अगं, दुखत होतं तर सांगायचं ना!"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "देन यू वुड गो बॅक टू युअर कॉल्स, बाबा."

इतकी चिडलेली मी, पण त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवेना.